गेणबा वायरमनचा पास

त्या दिवशी माझ्या बॅगेत एक पत्र होतं. सही झालेली, शिक्का बसलेला, फक्त तारखेची जागा कोरी. बहिरू ड्रायव्हरला नोकरीवरून कमी करत असल्याचं ते पत्र मीच टाइप केलं होतं. मुळशीत भरे गावाच्या बाजूला आमची शाळा आहे, तिथं मी कारकून. सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. ऐकायला बरं वाटतं, पण माझा अधिकार शिक्का मारण्यापुरताच.

आमचे सेक्रेटरी निरंजनराव. घरची जमीन टॉवर बांधणाऱ्यांना दिली आणि उरलेल्या तुकड्यावर शाळा काढली. माणूस वाईट नाही. पण काही बिघडलं की त्यांना लगेच एक दोषी माणूस हवा असतो, आणि तो जेवणाच्या आत सापडला तर फार बरं वाटतं. सकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बस गेणबाच्या दुकानात नेलीय. तुम्ही तिथं जाऊन बसा. मी बाराला येतो. गेणबा म्हणाला की चूक ड्रायव्हरची, तर तिथंच तारीख टाकायची आणि पत्र हातात द्यायचं."

म्हणजे बहिरूची सतरा वर्षांची नोकरी गेणबाच्या एका शब्दावर होती. आणि गेणबाचा शब्द काय असणार, हे मला रस्त्यातच ठाऊक होतं.

गेणबा वायरमन कोण, हे मुळशीत विचारायची गरज पडत नाही. घोटावडे फाट्याजवळ त्याचं पत्र्याचं दुकान आहे. भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली जुन्या वायरींची भेंडोळी आणि एक लाकडी स्टूल. वय अडुसष्ट. अंगात निळा शर्ट, बोटांवर भाजल्याचे डाग, बोलणं मोजकं. गाडी हातात घेतली की ती चालू होईपर्यंत चहा पीत नाही. "बघू", "होईल" असलं त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. एक तर झालं, नाही तर न्हाई. पस्तीस वर्षं त्यानं बस, ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर यांच्या वायरी जोडल्या आणि त्या काळात त्याच्या हाताखालून अकरा वायरमन तयार झाले. आज चांदणी चौकापासून पौडापर्यंत कुठल्याही गॅरेजात जा, तिथला वायरमन गेणबाचा नाही तर गेणबाच्या माणसाचा चेला निघतो. जुना टेम्पो विकायला काढला तरी घेणारा आधी विचारतो, "गेणबाचा पास हाय का?"

हा पास म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथंच आहे. गाडी चालू असताना इंजिनाच्या पट्ट्यावर एक यंत्र फिरतं, ते वीज तयार करतं आणि बॅटरी भरत राहतं. कंपनीचे लोक त्याला अल्टरनेटर म्हणतात. आमच्याकडं त्याचं नाव अजून डायनामोच आहे, जुन्या गाड्यांत तोच असायचा म्हणून. तो नवा बसवला की गेणबा इंजिन चालू करायला लावायचा, हेडलाइट लावायला लावायचा आणि मागच्या खिशातून पाना काढून बॅटरीपाशी जायचा. लोक आपोआप मागं सरायचे. गेणबा नट सैल करून बॅटरीची केबल उचलायचा. बॅटरी सुटली, तरी हेडलाइट जळतच राहायचे. उलट क्षणभर भडकायचे. म्हणजे डायनामो स्वतःच्या जिवावर वीज देतोय. मग तो केबल परत आवळायचा आणि एकच शब्द बोलायचा, "पास." समजायला इतकं सोपं की माझ्यासारख्या कागद खाणाऱ्यालाही पटावं. मीसुद्धा दोनदा तिथं उभा राहून मान डोलावली होती.

आमची बस जुनी. तिचा मूळचा डायनामो डिसेंबराच्या अखेरीला म्हातारपणानं गेला. त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. गेणबानं नवा बसवला, पास करून दिला. नऊ दिवसांनी संध्याकाळी मुलांना सोडायला निघालेली बस चढावर बंद पडली. आत एकेचाळीस मुलं. आईबाप मोटारसायकली घेऊन आले, फोनवर फोन झाले, आणि मी बहिरूला पहिली नोटीस टाइप केली. डायनामोच्या आतले जळलेले भाग बदलून गेणबानं पुन्हा पास केला. जानेवारीत सकाळी भर पिरंगुटच्या चौकात बस पुन्हा गेली. मागं कंपन्यांच्या गाड्यांची रांग लागली, आणि बसच्या काचेवर आमच्या शाळेचं नाव मोठ्या अक्षरांत. दुसरी नोटीस. तिसऱ्यांदा पास होऊन बारा दिवस झाले होते, आणि आज बस शाळेच्या आवारातून हललीच नाही. ट्रॅक्टरला बांधून दुकानात आणावी लागली.

गेणबानं पास केलेली गाडी पुन्हा पुन्हा बिघडते, म्हणजे दुकानातून निघाल्यावर कुणीतरी काहीतरी करतंय. असा हिशोब निरंजनरावांनी मांडला, स्टाफरूमनं उचलला आणि खोटं कशाला सांगू, मीही मनात धरला. कुणी म्हणालं, बहिरू लाइट चालू ठेवून झोपतो. कुणी म्हणालं, चांगला डायनामो विकून जुना लावतो. शाळेच्या बसवरून असा आळ घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला दुसरी शाळा दारात उभं करत नाही, आणि छप्पन्नाव्या वर्षी ट्रक चालवायला कुणी बोलवत नाही. हे सगळ्यांना कळत होतं. तरी सगळे बोलत होते.

मी दुकानात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. बहिरू एका जुन्या टायरवर बसला होता, टोपी गुडघ्यावर. माझ्या बॅगेकडं त्यानं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. गेणबा स्टुलावर बसून उघडलेला डायनामो हातात फिरवत होता. त्यानं तो नाकाशी नेला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"डायोड जळल्यात," तो म्हणाला. "बॅटरी उलटी लावली की जळत्यात. मी पास करून दिलीती, माझ्या हातानं. म्होरं कुणी हात घातला त्ये ज्येचं त्येनं सांगावं."

डायोड म्हणजे करंटला एकाच बाजूनं जाऊ देणारी झडप, हे मला तिथंच कळलं. बॅटरीच्या केबली उलट्या जोडल्या तर त्या झडपा जळतात, हेही खरं आहे. बहिरू उठून उभा राहिला. "आबा, म्या बॅटरीला हातबी लावला न्हाई," तो म्हणाला. गेणबा डायनामोचे स्क्रू गोळा करायला लागला. दोघांची ओळख तीस वर्षांची. बहिरूच्या पहिल्या टेम्पोचं वायरिंग गेणबानं केलेलं. तो आवाज चढवून भांडला असता तर मला बरं वाटलं असतं, पण तो परत टायरवर जाऊन बसला.

खरं काम गेणबाची मुलगी गौतमी करत होती. आयटीआय केलेली, वय सत्तावीस, सहा वर्षं बापाच्या शेजारी बसून हात काळे करते, तरी येणारं गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून आत बघत विचारतं, आबा कुठं आहेत. तिच्याजवळ विजेचा दाब मोजणारा एक पिवळा मीटर असतो. गेणबा त्याला हात लावत नाही. आकड्यांवर गाडी चालत नाही, असं त्याचं मत.

तिनं आधी मेन स्विच बंद केला. मग बसच्या बाजूचं झाकण उघडून बॅटऱ्यांकडं बघत बसली. बराच वेळ बसली. नुसतं बघण्यात एवढा वेळ का लागतो म्हणून मी वैतागलो होतो. साडेअकराकडं काटा सरकत होता. शेवटी तिनं मला हाक मारली.

"भाऊसाहेब, हितं या. ह्या नटावर काय दिसतंय?"

मी वाकून पाहिलं. दोन्ही केबलींच्या नटांवर लाल ठिपका होता, अर्धा नटावर, अर्धा खालच्या पट्टीवर. नेलपॉलिश. मी तसं म्हणालो.

"तडा हाय का कुटं?"

तडा नव्हता. कपाळावरच्या टिकलीसारखे दोन्ही ठिपके जिथल्या तिथं होते. तिनं सांगितलं की दोनदा डायनामो जळल्यावर तिलाही बहिरूचाच संशय आला होता. म्हणून मागच्या खेपेला आबांनी केबल परत आवळल्यावर, बस निघायच्या आधी, तिनं हे ठिपके लावून ठेवले होते. नट एवढासा जरी फिरला असता तरी पॉलिश तडकलं असतं.

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. बॅटरीला कुणी हात लावलेला नाही, म्हणजे उलटी जोडलेली नाही, म्हणजे बहिरू सुटला. मी हे मोठ्यानं म्हणणार होतो. पण गौतमीच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. उलट तिचा रंग उतरला होता.

ती उठली आणि बहिरूपाशी गेली. बॅटरी भरत नसली की लागतो तो चार्जिंगचा लाल दिवा कधीपासून लागत होता, असं तिनं विचारलं. बहिरू म्हणाला, पहिल्या दिवसापासून. दुकानातून निघाल्यावर फाट्यावरच दिवा मिणमिणायला लागला होता, तिन्ही वेळा. त्यानं येऊन आबांना सांगितलंही होतं. गाडी पास झालेली आहे, दिव्याचा होल्डर जुना असेल, असं आबा म्हणाले होते. गौतमीनं मान हलवली. मग माझ्याकडची फाइल मागून घेतली आणि नोटिसांवरच्या तारखा वाचल्या. प्रत्येक पासनंतर नऊ दिवस, चौदा दिवस, बारा दिवस. तारखा वाचताना तिचं बोट कागदावरून घसरत होतं.

तिनं मला बसच्या मागच्या बाजूला नेलं आणि अगदी हळू बोलली. डिसेंबरात आबा भाचीच्या लग्नाला आठवडाभर सासवडला गेले होते. त्या आठवड्यात तिनं एकटीनं तीन गाड्यांचे डायनामो बसवले. केबल काढायची हिंमत झाली नाही, म्हणून मीटर लावून तपासले आणि सोडले. त्या तिन्ही गाड्या अजून धावतायत. आबांनी पास केलेल्या नव्या डायनामोच्या गाड्या मात्र येतच राहतात. आमचीच नाही, आणखीही. आबा म्हणतात, हल्ली मालच खराब येतो.

"ह्या बॅटरीची केबल शेवटची कुणी काडली?" तिनं विचारलं, आणि उत्तर तिनंच दिलं. "आबांनी."

जुन्या काळी वीज आवरणारा भाग, ज्याला हे लोक कटआउट म्हणतात, तो बाहेर वेगळा बसवलेला असे आणि दणकट असे. आता तो डायनामोच्या पोटातच असतो आणि नाजूक असतो. चालत्या गाडीत बॅटरी एकदम सोडवली की डायनामोची सगळी वीज उसळते आणि तो भाग, डायोडसकट, अर्धा जळतो. उरलेला अर्धा आठ-पंधरा दिवस ओढत राहतो. हेडलाइट भडकतात ते त्याच उसळीनं. आम्ही सगळे माना डोलावत होतो, त्याच क्षणाला डायनामो जळत होता.

मी काय म्हणालो ते सांगायची लाज वाटते, तरी सांगतो. मी म्हणालो, आबांचं नाव कशाला घ्यायचं, माल खराब निघाला असं सांगू. बहिरूही सुटेल आणि म्हाताऱ्याचा मानही राहील. एवढ्या लोकांसमोर बापाला खोटं पाडून तुला काय मिळणार आहे?

"आन् पुढल्या गाडीचा ड्रायव्हर?" गौतमी म्हणाली.

बापाशी दुकानात एकट्यानं बोलायचं तिनं ठरवलं होतं. ती आतही गेली. पण गेणबा नवा डायनामो घेऊन आधीच बसच्या बॉनेटपाशी उभा होता आणि काम चालू असताना तो कुणाचं ऐकून घेत नाही. दुकानात तो एकच डायनामो शिल्लक होता. दोघांनी मिळून तो बसवला. बापानं बोल्ट धरला, लेकीनं आवळला. पट्टा ताणून गेणबानं अंगठ्यानं दाबून पाहिला. वायरी लागल्या. बॅटऱ्या तोपर्यंत चार्जरवर होत्या. चार्जरचे चिमटे गौतमीनं वरच्या वर लावले होते, नटांना धक्का लागू दिला नव्हता. मधे दोनदा ती "आबा" म्हणाली आणि दोन्ही वेळा गेणबानं "पाना दे" म्हटलं.

बाराला पाच मिनिटं कमी असताना निरंजनराव आले. गाडीतून उतरताच त्यांनी आधी माझ्या बॅगेकडं पाहिलं. बसचं काम चाललंय म्हणून समोरच्या टपरीवरचे दोन ड्रायव्हर ग्लास हातात घेऊन येऊन उभे होते. निरंजनरावांना आणखी माणसं चालणार होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "बोला गेणबा. चूक कुणाची?"

"आदी गाडी पास करू," गेणबा म्हणाला. "मंग बोलतो."

ही त्याची जुनी रीत. पासच्या आधी तो कुणाला काही सांगत नाही. त्यानं बहिरूला वर चढायला सांगितलं. बहिरू सीटवर बसला. ते बसणं शेवटचं असेल असं त्याला वाटलं असणार, कारण त्यानं स्टिअरिंगवरची धूळ तळहातानं पुसली. इंजिन धडधडत चालू झालं. हेडलाइट लागले. भर दुपारी ते पिवळट दिसत होते. गेणबानं मागच्या खिशातून पाना काढला.

मी बाजूला उभा होतो. मनात म्हणत होतो, पोरी, गप्प राहा, आणि त्याच दमात म्हणत होतो, बोल. गेणबा बॅटरीपाशी बसला. पाना नटावर बसला. गौतमी त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि तिनं आपला पंजा त्या नटावर, पान्यावर, बापाच्या बोटांवर ठेवला.

"आबा, केबल काडू नका."

"सरक," गेणबा म्हणाला. त्याला वाटलं, ठिणगीला भ्यायली.

"लाइट भडकती ना, तवाच आतला कटआउट जळतुया. तुमी पास म्हनता तवाच." तिचा हात हलला नाही. "ह्यो शेवटचा हाय. ह्योबी जाईल."

टपरीवरचे दोघं पुढं आले. निरंजनरावांनी मला विचारलं, हे काय चाललंय. गेणबाचा चेहरा मी आजवर असा पाहिला नव्हता. राग होता, पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी हलत होतं.

"पस्तीस वरसं काडतुया मी," तो म्हणाला.

"पस्तीस वरसं कटआउट भाईर हुता. आता आत बसवत्यात. त्याला सोसत न्हाई." मग ती म्हणाली, "नट बघा, आबा."

गेणबानं पाना काढला. वाकला. लाल ठिपक्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. वायरीला कुणाचा हात लागलाय हे नुसतं बघून ओळखणारा माणूस तो. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. कधी लावलंस, असं त्यानं विचारलं. बारा दिवसांमागं, तुम्ही केबल आवळल्यावर लगेच, ती म्हणाली. इंजिन धडधडत होतं. तो तसाच वाकलेला राहिला.

"मी सासवडला हुतो तवाच्या तुज्या तीन गाड्या?" त्यानं विचारलं.

"एकबी परत आली न्हाई."

गेणबा उठला. उठताना त्यानं बसच्या पत्र्याचा आधार घेतला. मला खात्री होती की आता तो लेकीवर ओरडेल, नाही तर काही न बोलता दुकानात निघून जाईल. कुणी त्याला अडवलं नसतं. तो निरंजनरावांसमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, तीनबी बारीला डायनामो म्या जाळला. ह्येनं न्हाई."

निरंजनराव गडबडले. त्यांना एक माणूस हवा होता, पण हा नको होता. ते हसल्यासारखं करून म्हणाले, असं कसं होईल गेणबा, हल्ली पार्टच डुप्लिकेट येतात, आपण तसंच धरू. अगदी माझंच वाक्य. त्यांच्या तोंडून ऐकताना मला ते फार घाणेरडं वाटलं.

"माल चांगला हुता," गेणबा म्हणाला. "भाऊसायेब, लिहा."

माझ्याजवळ कोरा कागद नव्हता. बॅगेत हात घातला तर ते एकच पत्र हाताला लागलं. मी ते उलटं केलं, बसच्या बॉनेटवर ठेवलं आणि गेणबानं सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिलं. ड्रायव्हर बहिरूची काही चूक नाही, माझी तपासायची पद्धत चुकीची होती. एवढंच. त्यानं खाली सही केली. एकेक अक्षर सुटं, मोठं, दाबून काढलेलं. निरंजनरावांनी कागद वाचला, मागची बाजू पाहिली, आपलीच सही पाहिली आणि तो घडी करून खिशात ठेवला. जाताना बहिरूला म्हणाले, लहान मुलांची सुटायची वेळ झाली, बस आणा. माफी वगैरे त्यांना सुचली नाही. खरं तर मलाही नाही सुचली. नोटिसा माझ्याच हातच्या होत्या.

बहिरू सीटवरून उतरला नव्हता. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता. खिडकीतून वाकून तो गेणबाला म्हणाला, "आबा, पास झाली का?"

त्याच्या विचारण्यात टोचणी नव्हती. सतरा वर्षं तो पास झाल्याशिवाय दुकानातून निघाला नव्हता, म्हणून विचारलं. गेणबानं लेकीकडं बोट केलं. "तिला इचार."

गौतमीनं मीटरच्या दोन सुया बॅटरीला लावल्या. आकडा स्थिर झाला. सत्तावीस पॉइंट आठ व्होल्ट, चोवीसच्या बॅटरीला हवे तेवढे. हेडलाइट शांत जळत होते, भडकले नाहीत. तिला तो शब्द उच्चारायला जड गेलं, एवढ्या वर्षांत तो दुसऱ्या कुणी त्या दुकानात उच्चारलाच नव्हता. "पास," ती म्हणाली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला होता, हे बहिरूनं आम्हाला बोट दाखवून सांगितलं आणि बस काढली.

मला वाटलं, संपलं. मी निघायला लागलो तर गेणबानं मला थांबवलं. त्याला मोबाइलवरची नावं नीट दिसत नव्हती आणि बोटंही त्याचं ऐकत नव्हती. लेकीला सांगायचं त्याच्या जिवावर आलं असावं. "अकरा जनं हायेत," तो म्हणाला. "तुमी लावून द्या."

पहिला रत्नदीप. भूगावला त्याचं मोठं गॅरेज आहे, आत शिरलं की गेणबाचा भिंतीएवढा फोटो दिसतो. मी फोन लावून गेणबाच्या कानाशी धरला.

"रत्नदीप, गेणबा बोलतुया. म्या तुला येक चुकीचं शिकवलंय. चालू गाडीची केबल काडायची न्हाई."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. आबा थट्टा करतायत असं त्याला वाटलं. गेणबानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तसंच्या तसं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर हसू थांबलं. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकाला तेच. कुणी विचारलं, मग तपासायचं कसं, तर तो म्हणायचा, "गौतमीला इचार, ती सांगंल." कुणाला त्यानं कारण दिलं नाही, कुणापाशी वय आणि पस्तीस वर्षं काढली नाहीत. मधे गौतमीनं चहा आणून ठेवला. गाडी चालू झालेली होती, रीतीप्रमाणे तो प्यायला हरकत नव्हती, पण त्यानं घेतला नाही.

दहा जण झाले. अकरावा पौडचा शंभू. तो फोन उचलेना. मी तीनदा लावला, चारदा लावला. म्हटलं, जेवायला गेला असेल, संध्याकाळी लावू. गेणबानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, खिशातला पाना काढून स्टुलावर ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

"त्येच्याकडं आत्ता एकादी गाडी उबी आसंल तर?" तो म्हणाला.

पौडला जाणारी बस दहा मिनिटांत होती. मी बॅग उचलली आणि त्याच्याबरोबर स्टॉपपर्यंत गेलो.